ढवळ्या, पवळ्या आणि थरची धूळ

२३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबईचं आभाळ त्या दिवशी दुधाळ झालं होतं. समोरच्या इमारती पुसट झाल्या, सूर्य दिवसाढवळ्या चंद्रासारखा फिका पडला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढुरकी भुकटी साचली. पुण्यातही लोकांनी गाडीच्या काचेवर बोट ओढून पाहिलं. ही धूळ आपल्याकडची नव्हती. पाकिस्तानात उठलेलं वादळ कराचीवरून अरबी समुद्रावर उतरलं होतं आणि तिथून गुजरातमार्गे इथवर आलं होतं. दिवसाचं तापमानही जानेवारीच्या मानाने बरंच खाली आलं. त्यात गार वाऱ्याचा वाटा मोठा होता, पण ऊन अडवणाऱ्या धुळीचाही काही हात होताच.

त्या दिवशी बऱ्याच जणांना एक साधी शंका आली. वाळवंटातली धूळ तर तांबूस-पिवळी असते, मग आभाळ पांढरं कसं झालं? तिला जोडून दुसरीही विचारता येते. मे-जूनमध्ये राजस्थानातून धूळ दिल्ली-कानपूरवर येते तेव्हा आभाळ पांढरं न दिसता मळकट, करडं-तपकिरी का दिसतं?

पहिल्या शंकेचं उत्तर धुळीत आहे. दुसरीचं उत्तर बरंचसं धुळीला वाटेत कोण भेटलं त्यात आहे.

सुरुवात घरातल्या कवडशापासून करू. कौलातल्या फटीतून किंवा खिडकीच्या झडपेतून ऊन आत आलं की त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. खरं तर आपल्याला कण दिसत नाहीत, कणांनी वाटेतून वळवून आपल्या डोळ्यांकडे पाठवलेला प्रकाश दिसतो. कवडसा सरळ जमिनीकडे चाललेला असतो. हवेत काहीच नसतं तर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तो दिसलाच नसता. प्रकाशाच्या या इकडेतिकडे वळण्याला विकिरण म्हणतात. कणावर पडलेल्या प्रकाशाचं दुसरंही काही होऊ शकतं. तो कणातच मुरतो, त्याची उष्णता होते आणि कण किंचित तापतो. हे शोषण. वातावरणातली धूळ प्रकाशाचं जे काही करते ते या दोन खात्यांतच मोडतं. सगळी गंमत (आणि सगळी डोकेदुखी) कोणत्या खात्यात किती जमा झालं, या हिशेबात आहे.

विकिरण कसं होणार हे ठरवण्यात कणाच्या आकारमानाचा मोठा हात असतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू प्रकाशाच्या लाटेपुढे अगदीच चिमुकले. असे चिमुकले कण निळा प्रकाश जास्त आणि तांबडा कमी उधळतात. हा नियम १८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडला. तरंगलांबी निम्मी झाली की विकिरण सोळापट होतं. निळा आणि तांबडा यांचा हिशेब केला तर निळा तांबड्याच्या चौपटीहून जास्त उधळला जातो, म्हणून स्वच्छ आभाळ निळं.

दूरचा प्रवास करणारे धुळीचे कण मात्र बहुतेक १ ते १० मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे प्रकाशाच्या लाटेएवढे किंवा तिच्यापेक्षा मोठे. इथे रॅले यांचा नियम चालत नाही. एवढा कण सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतो आणि बराचसा प्रकाश मागे न फेकता पुढेच, किंचित तिरका करून, सोडून देतो. सगळे रंग सारखे उधळले की मिळतो पांढरा, म्हणून धुळीचं आभाळ दुधाळ दिसतं. प्रकाश मुख्यतः पुढे जातो, म्हणून सूर्याभोवतीचं आभाळ सगळ्यात झगझगीत आणि विरुद्ध बाजू तुलनेने मवाळ. या मोठ्या कणांचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडलं. त्यांच्या डोक्यात धूळ नव्हतीच. पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या बारीक कणांमुळे द्रावणाला रंग कसे येतात हे त्यांना सोडवायचं होतं. सोन्याचं गणित पुढे मातीला लागू पडलं.

हा फरक घरी बघायचा असेल तर अगरबत्ती लावा. काळ्या पार्श्वभूमीवर तिच्या टोकाकडून निघणारा धूर निळसर दिसतो, कारण त्यातले कण फार बारीक असतात. रव्याची चाळण झटकली की उडालेली भुकटी मात्र पांढरी. रवा मुळात पांढराच असल्याने हा पुरावा कोर्टात टिकणार नाही, पण मिरची कुटताना उन्हात उडणारी बारीक पूडसुद्धा विरळ असेपर्यंत पांढुरकीच दिसते. लालपणा साठा जाड झाला की मगच येतो.

इथेच पहिल्या शंकेचं निम्मं उत्तर मिळतं. विरळ थरातून येणारा प्रकाश साधारण एकाच कणावर आदळून आपल्यापर्यंत पोचतो. त्या एका टकरीत रंग फारसा बदलत नाही. पण थर दाट असेल तर प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा ठेचकाळत येतो आणि प्रत्येक ठेचेला थोडा थोडा निळा प्रकाश गिळला जातो. समजा, एका टकरीत तांबड्याचे १०० पैकी ९८ किरण सुटतात आणि निळ्याचे ९२. एका टकरीनंतर फरक डोळ्यांना जेमतेम जाणवेल. दहा टकरींनंतर तांबड्याचे ८२ उरतात आणि निळ्याचे फक्त ४३. आता प्रकाश पिवळा-नारिंगी झाला. म्हणून वाळवंटात उठलेली धुळीची भिंत तांबूस असते आणि हजार-दीड हजार किलोमीटर येऊन विरळ झालेली तीच धूळ दुधाळ. शिवाय वाटेत मोठे कण आधी गळून पडतात. इथवर पोचतं ते गाळलेलं पीठ.

निळा गिळतं कोण? धुळीचा बराचसा भाग म्हणजे क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, चिकणमातीची खनिजं आणि चुनखडी. यांना दिसणारा प्रकाश खाण्यात फारसा रस नसतो; बारीक केलेली काच पांढरी दिसते त्याच कारणाने ही खनिजंही फिकी दिसतात. प्रकाश खातात ती लोहाची दोन खनिजं, आणि ती आपल्या चांगल्याच ओळखीची आहेत. हेमटाइट म्हणजे आपला गेरू. गोएथाइट म्हणजे भिंतींना ज्या पिवडीचा हात देत त्या पिवडीचा रंग. धुळीत ही जेमतेम काही टक्के असतात, पण कुंड्यांना लावायच्या गेरूची एक चिमूट बादलीभर पाणी लाल करते, तसंच इथेही. हेमटाइट आणि गोएथाइट निळा प्रकाश गिळतात, तांबडा सोडून देतात.

मंगळावर ही गोष्ट टोकाला गेलेली दिसते. तिथली हवा इतकी विरळ आहे की रॅले यांचं निळं आभाळ बनतच नाही. आभाळाचा रंग पूर्णपणे लोहयुक्त धुळीच्या हातात. दिवसा तो फिक्या तपकिरी-गुळासारखा असतो. सूर्यास्ताला मात्र मावळत्या सूर्याभोवती निळं वलय येतं, कारण तिथले बारीक कण निळा प्रकाश पुढच्या दिशेला जास्त नेमका ढकलतात. क्युरिऑसिटी या गाडीने १५ एप्रिल २०१५ रोजी गेल विवरातून असा निळा सूर्यास्त टिपला. आपल्याकडे लाल-केशरी आणि तिथे निळा, फक्त कण वेगळे म्हणून.

हे झालं निव्वळ धुळीचं. कोणाच्या अध्यातमध्यात न येता वाळवंटातून थेट समुद्रावर गेलेली धूळ हिरव्या प्रकाशाच्या दर १०० किरणांपैकी साधारण ९५ उधळते आणि उरलेले गिळते. उधळलेल्यांचा हा वाटा म्हणजे शास्त्रज्ञांचा सिंगल स्कॅटरिंग अल्बेडो. मी याला मनात 'सुटका-दर' म्हणतो. नाव माझं आहे, कोणत्या पुस्तकात सापडणार नाही. पुढचं सगळं या एका आकड्याभोवती फिरतं, म्हणून तो लक्षात ठेवा: १००च्या जवळ म्हणजे पांढरा, निरुपद्रवी कण, जितका खाली तितका काळा, तापणारा.

आता थरच्या वाळवंटातली धूळ घ्या. एप्रिल ते जून या काळात पश्चिमेचे वारे ती गंगेच्या मैदानावर आणतात. वाटेत दिल्ली लागते, मग कानपूर, आणि अधेमधे वीटभट्ट्या, डिझेलचे ट्रक, कारखान्यांची धुराडी, गोवऱ्या-लाकडाच्या चुली. या सगळ्यांची काजळी हवेत आधीच तयार असते. काजळी हा वेगळाच प्राणी. तिचे मूळ मणी नॅनोमीटरच्या मापात, म्हणजे मायक्रॉनच्या शे-पन्नासाव्या हिश्श्याएवढे, आणि ते माळेसारखे एकमेकांना चिकटलेले. तिला निळा-तांबडा असा भेदभाव नाही, सगळेच रंग गिळते. तिचा सुटका-दर १०० पैकी जेमतेम २० ते ३०. एक ग्रॅम ताजी काजळी हवेत पसरली तर साधारण साडेसात चौरस मीटर, म्हणजे दहा बाय आठच्या खोलीच्या फरशीएवढ्या जागेवरचा हिरवा प्रकाश खाऊन टाकू शकते. एक ग्रॅम धूळ याच कामात तिच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंतही मोठ्या मुश्किलीने पोचते. त्यामुळे वजनाने धूळ कितीतरी जास्त असली तरी शोषणाच्या खात्यात काजळीची नोंद मोठी निघते.

आपल्याकडे म्हण आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग. बैलाला शेजाऱ्याचा रंग लागत नाही, सवयी लागतात. धुळीच्या बाबतीत म्हण अपुरी पडते, कारण इथे वाणही लागतो आणि गुणही.

वाण कसा लागतो ते आधी. काजळी आणि धूळ हवेत शेजारी शेजारी, पण सुटी राहिली तर हिशेब सोपा: दोघांचं शोषण वेगवेगळं मोजा आणि बेरीज करा. काजळी धुळीच्या कणावर चिकटली तर बेरीज बिघडते. जवळचा कण प्रकाश वळवून काजळीवर टाकू शकतो किंवा उलट तिला सावलीतही ठेवू शकतो; कोण कुठे बसलंय यावर ते अवलंबून. आणि काजळीभोवती सल्फेटसारख्या पारदर्शक क्षाराचं वा सेंद्रिय पदार्थाचं कवच चढलं तर ते भिंगासारखं काम करतं. एरवी बाजूने निघून गेले असते ते किरणही वळून आतल्या काजळीवर येतात आणि तीच काजळी जास्त प्रकाश खाते. प्रयोगशाळेत हे शोषण दीडपट किंवा त्याहूनही वाढलेलं दिसलं आहे. खुल्या हवेत काही ठिकाणी मात्र वाढ जेमतेम काही टक्केच भरली. कवच नीट गोल बसलं नाही, किंवा काजळी मधोमध न बसता कडेला चिकटली, की भिंगाचा डाव फसतो. आकडे जुळत नाहीत म्हणून एखाद्याने कपाळाला हात लावावा, पण मला यात गैर काही वाटत नाही. हवेतला कण हा कारखान्यात साच्यातून काढलेला नसतो.

गुण लागतो तो रसायनामुळे. थरच्या धुळीत चुनखडी बऱ्यापैकी असते. शहरावरच्या हवेत गाड्यांच्या धुरापासून तयार झालेल्या नायट्रिक आम्लाची वाफ असते. चुनखडीवर लिंबू पिळलं की फसफसतं, तीच गोष्ट इथे फार बारीक प्रमाणात घडते: आम्ल चुनखडीला खातं आणि कॅल्शियम नायट्रेट तयार होतं. या क्षाराला ओलाव्याचं विलक्षण वेड. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, त्यासाठी हवा चांगलीच दमट लागते. कॅल्शियम नायट्रेट मात्र त्या मानाने कोरड्या हवेतही पाणी ओढून घेतं. कोरडा, खडबडीत दगडी कण हळूहळू ओला आणि गुळगुळीत होतो आणि फुगतो. पाण्याच्या कवचामुळे त्याचं विकिरण वाढतं, ढगाचा थेंब धरण्याची त्याची लायकीही वाढते. गंधकाच्या आम्लाशी गाठ पडली तर निष्पत्ती वेगळी. तेव्हा जिप्सम बनतं, आणि जिप्समला पाण्याची एवढी ओढ नाही. म्हणजे धूळ गाड्यांच्या धुरातून गेली की भट्टीच्या धुरातून, यावरही तिचा पुढचा स्वभाव ठरतो.

एकाच प्रवासात मग दोन उलट गोष्टी घडत असतात. काजळी कणाला काळं करते, ओल्या क्षाराचं कवच त्याला फुगवून पांढरं करू पाहतं. कानपूरच्या आभाळात पावसाळ्याआधी या रस्सीखेचीत काजळी बऱ्यापैकी सरशी करते: सुटका-दर ९०च्या आसपास येतो. ९५ वरून ९० म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण उलट बाजूने बघा. गिळलेला प्रकाश ५ वरून १० झाला, म्हणजे हवेला मिळणारी उष्णता दुप्पट.

दुसऱ्या शंकेचं उत्तर इथे येऊन पोचलं. जूनमधलं दिल्ली-कानपूरचं आभाळ मळकट दिसतं कारण तिथे थर जाड असतो, गेरू निळा गिळतो आणि काजळी सगळंच गिळते. दुधात हळद घातली तर ते पिवळं होईल. त्यातच चुलीतली राख पडली तर जो रंग होईल, साधारण तो.

याच मिश्रणाचा वाण एका फार प्रसिद्ध पांढऱ्या भिंतीवर दिसतो. ताजमहालाचा संगमरवर पिवळट-तपकिरी का पडतो, याचा अभ्यास आयआयटी कानपूर आणि अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी ताजच्या आवारात संगमरवराचे छोटे नमुने ठेवून केला. नमुन्यांवर धूळ तर बसलीच होती, पण तिच्याबरोबर काजळी आणि कचरा, लाकूडफाटा, गोवऱ्या जळताना निघणारा तपकिरी कार्बनही होता. धूळ आणि तपकिरी कार्बन दोघेही निळ्या प्रकाशाचे भुकेले, त्यामुळे परत येणारा उजेड पिवळा. पुरातत्त्व खातं हा डाग काढायला मुलतानी मातीचा लेप लावतं. मातीने आणलेला रंग मातीनेच काढायचा, हे मला भारी आवडतं.

हे सगळं कळतं कसं? कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून एक यंत्र बसलेलं आहे. नासाच्या एरोनेट या जगभरच्या जाळ्यातलं ते एक. (पुण्यात पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतही या जाळ्याचं केंद्र आहे.) एक नळी, तिच्यामागे वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्या आणि सूर्याचा पाठलाग करणारी मोटर, एवढंच. ते थेट सूर्याकडे बघून प्रत्येक रंगाचा किती प्रकाश वाटेत गळला हे मोजतं, मग आभाळाचे बाकीचे भाग मोजतं. निळा आणि तांबडा सारखाच गळाला असेल तर कण मोठे, म्हणजे धूळ. निळा बराच जास्त गळाला असेल तर कण बारीक, म्हणजे धूर. या फरकाचा एक घातांक काढतात. स्वीडनचे आन्डेर्स ओंगस्ट्रोम यांनी १९२९ मध्ये सुचवलेला हा आकडा निव्वळ धुळीत शून्याजवळ असतो आणि धुरात दीडकडे सरकतो. मिश्र धूळ अधेमधे कुठेतरी. बाजूच्या आभाळाच्या मोजमापांवरून मग सुटका-दर काढता येतो.

अंतराळातून ओळखायची युक्ती आणखी सुंदर आहे. एप्रिल २००६ मध्ये सोडलेला कॅलिप्सो हा उपग्रह २०२३ पर्यंत खालच्या हवेवर लेसरचे ठोके मारत होता. लेसरच्या लाटा एकाच प्रतलात हलतात. गोल कणावरून परतलेला प्रकाश ती शिस्त पाळतो; पाण्याचा थेंब, धुराचा ओला कण असेच वागतात. खडबडीत, कोनाकोनाच्या दगडी कणावरून परतलेला प्रकाश ती शिस्त मोडून येतो. लाडूवरून आणि खडीसाखरेवरून टॉर्चचा उजेड जसा वेगवेगळा परततो, त्यासारखंच काहीसं. किती शिस्त मोडली याचा एक आकडा काढतात; निव्वळ धुळीत तो साधारण ०.३ येतो. धूळ धुरात मिसळली की तो घसरतो. कॅलिप्सोच्या वर्गवारीत म्हणूनच 'धूळ' आणि 'प्रदूषित धूळ' असे दोन वेगळे कप्पे होते. काही वर्षांनी लक्षात आलं की समुद्रावर धूळ मिठाच्या थेंबांत मिसळली तरी आकडा असाच घसरतो आणि बिचारं समुद्री मीठ प्रदूषणाच्या खात्यात जातं. मग 'सागरी धूळ' असा नवा कप्पा काढावा लागला. मुंबईवर समुद्रमार्गे येणाऱ्या धुळीसाठी ही दुरुस्ती फार महत्त्वाची.

आता खरा प्रश्न: या धुळीने पृथ्वी थंड होते की तापते? उत्तर धुळीच्या रंगावर अवलंबून आहे, तसंच तिच्या खाली काय अंथरलंय यावरही. राखेचा डाग पांढऱ्या धोतरावर पडला तर काळा दिसतो, काळ्या घोंगडीवर पडला तर पांढरा. डाग तोच. समुद्र वरून बघितला तर घोंगडीसारखा गडद. त्याच्यावर आलेली धूळ, थोडी मळकी का असेना, एरवी समुद्रात मुरला असता असा प्रकाश वर परत पाठवते. खालचं जग थोडं थंड राहतं. तीच धूळ फिकट वाळवंटावर किंवा हिमालयाच्या बर्फावर असेल तर ती धोतरावरचा डाग ठरते. एरवी परत गेलेला प्रकाश अडवून ती तापते आणि तापवते. सुटका-दर ९५ असलेली धूळ जिथे कदाचित थंडावा देईल तिथे ९० वाली उलट फिरू शकते. बर्फावर बसल्यावर तर ती हवेत असण्याचीही गरज नाही. मळलेलं बर्फ ऊन जास्त खातं आणि लवकर वितळतं.

त्यातही दिवस-रात्र वेगळी. तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते ती ८ ते १२ मायक्रॉनच्या अवरक्त लाटांतून, आणि एवढ्या मोठ्या लाटा अडवायला धुळीचे मोठे कण बरोबर मापाचे असतात. काजळी इतकी बारीक की या लाटांना ती जाणवतही नाही. म्हणजे धूळ दिवसा छत्री आणि रात्री गोधडी. काजळी फक्त दिवसपाळीला.

गंगेच्या मैदानावर पावसाळ्याआधी हे मिश्रण काही किलोमीटर उंचीपर्यंत चढलेलं असतं. वरचा थर प्रकाश खाऊन तापतो, खाली जमिनीला ऊन कमी पोचतं. वर ऊब आणि खाली तुलनेने गारवा अशी स्थिती आली की हवेची उलथापालथ मंदावते, जणू भांड्यावर झाकण, आणि खालचा धूर खालीच कोंडतो. म्हणजे मळक्या धुळीमुळे आणखी मळ.

पावसाशी नातं आहे का? २००६ मध्ये एक कल्पना मांडली गेली की हिमालयाच्या दक्षिण उतारावर जमणारी धूळ आणि काजळी तिथली हवा तापवून वर ओढते आणि त्यामुळे मान्सूनची सुरुवात लवकर होते. तिच्यावर तेव्हापासून वाद चालू आहे आणि मिटलेला नाही. २०१४ मधला एक अभ्यास वेगळ्या बाजूने आला: पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावर धूळ वाढली की आठवड्याभरात मध्य भारतातला पाऊस वाढलेला दिसतो. समुद्रावरची धूळ तापते, वारे जोर धरतात, ओलावा आत येतो, असं त्यामागचं स्पष्टीकरण. दोन्हींत कळीचा आकडा तोच, धूळ किती प्रकाश गिळते.

साऱ्या पृथ्वीचा ताळेबंद २०२३ च्या एका मोठ्या आढाव्यात मांडला गेला. औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत हवेतली धूळ अर्ध्याहून जास्त वाढली आहे, आणि या वाढीचा परिणाम दर चौरस मीटरला उणे ०.२ वॅट, कमीजास्त ०.५. म्हणजे बहुधा किंचित थंडावा, पण हिशेबातली चूक उत्तरापेक्षा मोठी. वाण्याने बिल दोनशे रुपये सांगावं आणि वर म्हणावं, पाचशे इकडेतिकडे होऊ शकतात.

एवढी अनिश्चितता येते कुठून? एक मोठं कारण म्हणजे जगाच्या कोणत्या वाळवंटात गेरू किती आणि पिवडी किती हे बरीच वर्षं मोजक्या मातीच्या नमुन्यांवरूनच अंदाजलं जात होतं. जुलै २०२२ मध्ये, म्हणजे मुंबईतल्या त्या रविवारनंतर सहा महिन्यांनी, नासाने एमिट नावाचं उपकरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवायला पाठवलं. कोरड्या प्रदेशांवरून परतणारा प्रकाश शेकडो रंगछटांत फोडून ते खालच्या खनिजांची ओळख पटवतं. गेरूची सही वेगळी, पिवडीची वेगळी, चुनखडीची वेगळी. थरमधून उठणाऱ्या धुळीचं माहेर यामुळे नीट कळू लागलं.

पण एमिट जमिनीवर पडलेली माती बघतं. ती माती उडाली, दिल्लीवरून गेली, तिला काजळी चिकटली, चुनखडीचा क्षार झाला, अंगावर पाणी आलं, हे सगळं नंतरचं. ते पकडायला कानपूरच्या त्या नळीसारखी यंत्रंच लागतात. ती दिवसभर थोड्या थोड्या वेळाने सूर्याकडे तोंड वळवते, मोजते आणि पुन्हा वळते. जूनच्या शेवटी पाऊस तिथे पोचला की यंत्रावरच्या ओलाव्याच्या पट्टीला थेंब लागतो, नळी मान खाली घालते आणि पाऊस थांबेपर्यंत तशीच बसून राहते.